शेवग्याचं बी आणि थ्योलोचं पाणी

जुलैचा दुसरा आठवडा. सिंधुदुर्गातल्या एका वाडीत नळयोजनेची टाकी बघायला गेलो होतो. वाडी 40 घरांची. वर डोंगरात झरा, तिथून पाइपने पाणी टाकीत आणि टाकीतून घरोघर. एप्रिल-मेमध्ये या टाकीत टाकलेलं नाणं तळाशी दिसतं. पाऊस धरला की जांभ्याची माती उतरते आणि नळाला कोऱ्या चहासारखं लाल पाणी येतं. जलसुरक्षक मुलगा रोज मोजून टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लिचिंग पावडर, टाकत होता, तरी ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग काही येत नव्हता. पाण्यात क्लोरीन उरला असेल तरच तो रंग येतो.

ओसरीवर बसलेल्या एका आजीने मला विचारलं, "झिला, शेगलाच्या बियेन पाणी निवळता म्हणतत, ता खरा काय?"

तिच्या नातवाने फोनवर व्हिडिओ दाखवला होता. शेवग्याच्या बियांची पूड घातलेली बाटली त्यात बघता बघता स्वच्छ होते, आणि शेवटी सांगितलं जातं की आता फिल्टर नको, क्लोरीन नको, उकळायलाही नको. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी धोक्याची आहे. मी आजीला म्हटलं, "आजी, बघून सांगतो." घरी आल्यावर मालावी देशातल्या थ्योलो गावचे कागद पुन्हा काढले. शेवग्याचं बी भांड्यातून उचलून थेट गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेऊन बघितल्याचं याच्याइतकं नीट प्रकरण माझ्या वाचनात नाही. खेड्यापाड्यांच्या पाणीयोजनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

थ्योलोच्या आधी: नाईलकाठच्या बायका

या गोष्टीची सुरुवात सुदानमध्ये होते. निळी नाईल पुरात आली की इथिओपियाच्या डोंगरांतली माती घेऊन येते आणि त्या दोन-तीन महिन्यांत नदीचं पाणी पिण्याच्या लायकीचं राहत नाही. काठच्या गावांतल्या बायका ते पाणी मडक्यात निवळून घेत. त्यासाठी त्या काही ठिकाणी एका विशिष्ट मातीचा खडा वापरत. त्या मातीला त्यांच्याकडे 'रौवाक' म्हणतात, म्हणजे निवळणारी. काही गावांत मात्र या कामाला एका झाडाचं बी होतं. बिया कुटून छोट्या फडक्यात बांधायच्या आणि ती पुरचुंडी पाण्यात गरागरा फिरवायची. झाडालाही त्यांनी 'निवळणारं झाड' असंच नाव दिलं होतं.

ते झाड म्हणजे आपला शेवगा. मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, वायव्य भारतातला. सुदानमध्ये तो इंग्रजांच्या काळात बागेत शोभेसाठी लावला गेला. शेंग खायची, पाला खायचा हे तिथे फारसं कुणाला माहीत नव्हतं, पण बियांचा हा उपयोग बायकांनी हेरला. खार्टूममध्ये काम करणाऱ्या सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेने 1970 च्या दशकात या बायकांजवळ बसून ही पद्धत पाहिली, मोजली आणि लिहून काढली. आज शेवग्याच्या बियांवर पाण्याच्या संदर्भात जे काही संशोधन चालतं, त्याचा मोठा भाग तिच्या कामावर उभा आहे.

आपल्याकडेही अशी विद्या होती, फक्त झाड वेगळं. निवळीचं बी, संस्कृतात कतक. माठाच्या आतल्या बाजूला ते घासायचं आणि मग पाणी भरायचं. मनुस्मृतीत एक श्लोक आहे: कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. म्हणजे दृष्टान्तात वापरावं इतकं हे ज्ञान लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पुढे तुरटी स्वस्त आणि सहज मिळू लागली आणि निवळीचं बी आयुर्वेदिक दुकानांतल्या बरण्यांत जाऊन बसलं. शेवगा मात्र परसात होता, आमटीत होता, गोकुळाष्टमीला शेगलाच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या होत्या. त्याच्या बीकडे पाण्यासाठी बघायची वेळच आली नाही.

थ्योलोत काय अडलं होतं

मालावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला देश. चारही बाजूंनी जमीन, समुद्र नाही. थ्योलो त्याच्या दक्षिणेला, ब्लँटायर शहराच्या जवळ, चहाच्या मळ्यांच्या डोंगराळ भागात. गावाला पाणी पुरवणारं केंद्र नेहमीच्या पद्धतीचं: गढूळ पाण्यात तुरटी मिसळायची, गाळ गोळा होऊन बसू द्यायचा, मग वाळूच्या गाळणीतून पाणी काढायचं, शेवटी क्लोरीन. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच दिसेल.

अडचण तुरटीची होती. ती परदेशातून आणावी लागे, त्यासाठी परकीय चलन लागे, आणि चलनाची ओढाताण झाली की पुरवठा डळमळे. पाऊसकाळात पाणी सगळ्यात गढूळ असतं, तेव्हाच तुरटी सगळ्यात जास्त लागते. त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, शिरे नदीच्या खालच्या गरम खोऱ्यात, शेवगा घरोघरी होता. तिथले लोक त्याला 'चाम्वांबा' म्हणतात आणि पाल्याची भाजी करतात. झाडावर वाळलेल्या शेंगांना काही मोल नव्हतं.

इंग्लंडमधल्या लीस्टर विद्यापीठाच्या जेफ फोकार्ड आणि जॉन सदरलँड या अभियंत्यांनी मालावीच्या पाणी खात्याबरोबर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे दोन धागे जोडून बघायचं ठरवलं. प्रश्न साधा होता. नाईलकाठची बाई मडक्यात जे करते, ते नळयोजनेच्या केंद्रात होईल का?

त्यांनी एकदम मुख्य केंद्राला हात घातला नाही. आधी केंद्राच्या आवारात एक लहान प्रायोगिक संच उभारला. बियांची पूड मिसळलेलं पाणी खडीच्या थरातून जायचं, तिथे गाळाचे पुंजके बनायचे, मग ते संथ टाकीत बसायचे आणि शेवटी खडी-वाळूची गाळणी. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यावर हा संच चालवून मात्रा ठरवली. मात्रा पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे बदलत होती. हा हिशेब हाती आल्यावरच मुख्य केंद्रात तुरटीच्या जागी शेवग्याची पूड चालवली.

आकडे

केंद्रातून ताशी 60 घनमीटर, म्हणजे 60,000 लिटर पाणी जात होतं. येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा 270 ते 380 एनटीयू. एनटीयू हे गढूळपणा मोजायचं माप. अंदाज यावा म्हणून सांगतो: 5 एनटीयूचं पाणी पेल्यात घेतलं तर नजरेला जेमतेम धूसर वाटतं, आणि 300 एनटीयूच्या पाण्यातून बादलीचा तळ दिसत नाही. शेवग्याच्या बियांची मात्रा साधारण दर लिटरला 75 मिलिग्रॅम. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा 4 एनटीयूच्या आसपास आला. तुरटीने जो निकाल मिळे, त्याच्या तोडीचा हा निकाल होता.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा तपासला. भाजीच्या झाडाचं बी, काहीही रासायनिक प्रक्रिया न करता, नुसतं कुटून पाण्यात घातलं आणि एका गावाचं केंद्र त्यावर चाललं. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची इष्ट मर्यादा 1 एनटीयू आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालतं. म्हणजे थ्योलोचं पाणी आपल्याकडे दुसऱ्या मर्यादेत बसलं असतं, पहिल्या नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं.

बी करतं काय

पाण्यातली चिकणमाती इतकी बारीक असते की तिचे कण आपल्या वजनाने खाली बसत नाहीत. शिवाय त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून कण एकमेकांजवळ येत नाहीत आणि पाणी आठ-आठ दिवस लाल राहतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात धनभारित होऊन हा विरोध मोडतं.

शेवग्याच्या बीतही असंच धनभारित काहीतरी आहे, आणि ते प्रथिन आहे. पाण्यात सहज विरघळणारं, लहान रेणूचं. ते मातीच्या कणाला चिकटतं, त्याचा भार मारून टाकतं आणि कण एकमेकांना चिकटायला लागतात. तुरटीने पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो, म्हणून मोठ्या केंद्रांत कधी कधी चुनाही घालावा लागतो. बियांनी सामू हलत नाही. खाली बसणारा गाळही तुरटीच्या गाळापेक्षा बराच कमी भरतो आणि तो शेतात टाकता येतो.

मातीबरोबर जंतूही खाली बसतात, कारण बहुतेक जंतू कणांना चिकटलेलेच असतात. पाणी नीट निवळलं तर 90 ते 99 टक्के जीवाणू गाळात जातात, असं मोजून पाहिलेलं आहे. व्हिडिओवाल्यांनी हाच आकडा उचलला. 99 टक्के ऐकायला फार वाटतं. पण लिटरभर पाण्यात लाखभर जंतू असतील तर मागे उरतात हजार, आणि आजारी पडायला तेवढे खूप झाले. त्यातून उरलेल्या पाण्यात बियांचे काही अंश विरघळून राहतात. ते जंतूंचं खाद्य आहे. असं पाणी दिवसभराहून जास्त ठेवलं तर जंतू परत वाढायला लागतात.

थ्योलोतल्या अभियंत्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यांनी शेवट क्लोरीनवर केला. बियांना त्यांनी तुरटीच्या जागी बसवलं, क्लोरीनच्या जागी नाही.

मग ते चालू का राहिलं नाही

निकाल इतका चांगला, तर मग आज आफ्रिकेतली केंद्रं शेवग्यावर का चालत नाहीत? हा प्रश्न मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, झाडावर आहे. मी कागदावर हिशेब मांडला, तो जसाच्या तसा देतो.

ताशी 60,000 लिटर, लिटरला 75 मिलिग्रॅम. म्हणजे तासाला साडेचार किलो बी. केंद्र दिवसरात्र चाललं तर 108 किलो. पाऊसकाळाचे 120 दिवस धरले तर जवळजवळ 13 टन. शेवग्याचं एक बी टरफलासकट सुमारे 0.3 ग्रॅमचं असतं. म्हणजे दिवसाला साडेतीन लाखांवर बिया. मी सोललेल्या शेंगांत सरासरी 18 बिया निघाल्या. त्या हिशेबाने एका लहानशा गावासाठी रोज 20,000 शेंगा, त्याही झाडावर पूर्ण वाळलेल्या, सोललेल्या आणि कोरड्या जागी साठवलेल्या. टरफल काढून नुसता गर वापरायचा तर त्याहून जास्त.

तुरटी गोण्यांत येते. तिचा दर्जा या गोणीत एक आणि त्या गोणीत दुसरा असा नसतो. शेवग्याचं बी पाचशे परसांतून गोळा करावं लागतं, आणि परस बदललं की बी बदलतं. कच्च्या शेंगेतलं बी काम करत नाही, दमट जागी राहिलेलं बी कमजोर होतं. केंद्र चालवणाऱ्या माणसाला रोज सकाळी मात्रा नव्याने ठरवावी लागेल. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कोकणात राहणाऱ्याला वेगळी सांगायला नको. कोवळी शेंग आमटीत गेली की तिचं बी कधी होणारच नाही. पाला सारखा ओरबाडला तर झाड शेंगा कमी धरतं. शेंगा वाळेपर्यंत ठेवल्या तर झाडाची ताकद त्यांच्यातच जाते. एकाच झाडाकडून शेंग, पाला आणि बी तिन्ही पोटभर मागता येत नाही. ज्याला बी हवं त्याने भाजीवर पाणी सोडायला हवं, आणि भाजीला रोज गिऱ्हाईक आहे.

फोकार्ड आणि सदरलँड यांना ही गाठ दिसली होती. त्यांनी त्यावर जो मार्ग सुचवला, तो मला फार पटतो. शेवग्याच्या बीच्या गरात 35 ते 40 टक्के तेल असतं. त्यातलं 70 टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलासारखी जात. हे तेल लवकर खवट होत नाही. पूर्वी युरोपात घड्याळाच्या यंत्रांना ते घालत. आणि मुख्य म्हणजे पाणी निवळणारं प्रथिन तेलात जात नाही, ते पेंडीत राहतं. म्हणून आधी घाण्यावर तेल काढावं, ते विकावं, आणि उरलेली पेंड पाण्याला वापरावी. बियांची किंमत तेलातून निघाली की पेंड जवळजवळ फुकट पडते. असं झालं तर शेतकऱ्याला शेंग झाडावर वाळू द्यायला कारण मिळतं. पण त्यासाठी घाणा हवा, तेलाला बाजार हवा, शेकडो एकरांची लागवड हवी. प्रकल्पाची मुदत असते काही वर्षांची. एवढी साखळी त्यात उभी राहत नाही.

विरघळलेल्या अंशांमुळे पाणी टिकत नाही, त्यावरही पुढे तोड निघाली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की बियांचा अर्क वाळूवर ओतला तर ते धनभारित प्रथिन वाळूच्या कणांना चिकटून बसतं. मग वाळू धुवायची. बाकीचं सगळं निघून जातं, प्रथिन वाळूवरच राहतं, आणि त्या वाळूतून पाणी गाळलं की माती आणि जंतू दोन्ही अडकतात. ही वाट मला आशेची वाटते.

माझ्या ओट्यावरच्या तीन बरण्या

वाचून झालं, पण आजीला उत्तर द्यायचं तर हाताने केल्याशिवाय मला बरं वाटेना. वाडीतल्या टाकीचं लाल पाणी कॅनमधून घरी आणलं. लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या, प्रत्येकीत दोन लिटर. एकीत काहीच नाही, दुसरीत तुरटी फिरवली, तिसरीत शेवगा.

पहिल्या दिवशी शेवग्याची बरणी नापास झाली. भाजीसाठी आणलेल्या शेंगांतल्या जून झालेल्या चार शेंगा घरात वाळवून त्यांचं बी मी घेतलं होतं. पाणी सकाळी होतं तसंच संध्याकाळी. मग शेजारच्या परसात मे महिन्यात झाडावरच तडकलेल्या शेंगा पडवीत टांगून ठेवलेल्या आहेत असं कळलं. त्या आणल्या. शेंग करकरीत वाळलेली, हाताने तीन फाकांत उकलते. आत पांढऱ्या, भुसभुशीत गाभ्यात एकाखाली एक बसवलेल्या तपकिरी बिया, प्रत्येकीला कागदासारखे तीन पंख. टरफल नखाने फुटतं. आत हरभऱ्याएवढा पांढरा गर. एक चावून बघितला: आधी गोडसर, मग जिभेच्या मुळाशी कडूजार.

एक गर कुटून घोटभर पाण्यात घोटला तर दुधासारखं पांढरं पाणी झालं. ते फडक्यातून गाळून बरणीत ओतलं. मिनिटभर जोरात ढवळलं, मग दहा मिनिटं अगदी हळू, आमटी लागू नये म्हणून ढवळतो तसं. सातव्या-आठव्या मिनिटाला पाण्यात बारीक लाल कणी दिसायला लागली. मग कणीची मोहरी झाली, मोहरीचे कापसासारखे पुंजके झाले. ढवळणं थांबवलं तसे ते हिवाळ्यातल्या धुक्यासारखे वरून खाली उतरत गेले. तासाभराने बरणीच्या पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. तुरटीची बरणी तिच्या थोडी आधी निवळली होती. ज्या बरणीत काहीच घातलं नव्हतं, ती दुसऱ्या दिवशी सकाळीही लालच होती.

शेवग्याची बरणी मुद्दाम तशीच झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर पाणी दिसायला तितकंच नितळ, पण त्याला भिजत ठेवून विसरलेल्या कडधान्यासारखा वास येत होता. थ्योलोच्या कागदांत जे वाचलं होतं ते नाकाला कळलं.

वाडीला काय सांगितलं

40 घरं. पिण्याचं पाणी घरटी दिवसाला 20 लिटर. लिटरला 100 मिलिग्रॅम मात्रा धरली तर 2 ग्रॅम गर, म्हणजे साधारण 10 बिया. गढूळ पाण्याचे दिवस 60 धरले तर घरटी 600 बिया, 35 शेंगा. परसातल्या एका झाडाच्या एखाद-दोन फांद्या. सगळ्या वाडीचा हिशेब पावसाळ्याला 5 किलो गराच्या आत बसतो. थ्योलोला 13 टन लागणार होतं. म्हणून माझं मत असं झालं की या बीची जागा हंड्यात आहे, टाकीत नाही.

वाडीत बैठक झाली तेव्हा मी बरण्या घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवलं. वासाची बरणीही फिरवली, ती सगळ्यांनी हुंगली. मग जे सांगितलं ते असं. शेंग झाडावरच वाळू द्यायची. दुकानातल्या लागवडीच्या पाकिटातलं बी चुकूनही वापरायचं नाही, त्याला बुरशीनाशक चोपडलेलं असतं. रोजचं रोज कुटायचं, पूड करून ठेवायची नाही. निवळलेलं वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून, फडक्याने गाळून, उकळायचंच. इंधन परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे थेंब घालायचे आणि अर्धा तास थांबायचं. निवळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. उन्हाळ्यात, पाणी आधीच स्वच्छ असताना, बी घालायचं नाही. गाळ नसेल तर बी कशाला धरून बसणार? उलट पाण्यात नको ते अंश वाढतात.

जलसुरक्षक मुलाने नेमका प्रश्न विचारला: "टाकीत टीसीएल टाकतो ते मग जातं कुठे?" गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय कचऱ्यावर खर्च होऊन जातो आणि कणांच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्याच्या नळीत पिवळा रंग येत नव्हता. तो बिचारा महिनाभर स्वतःलाच दोष देत होता.

आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे निवळला म्हणान पियाचा नाय," एवढंच ती म्हणाली. दोन तास बोलून मला जे सांगायचं होतं ते तिने एका ओळीत सांगितलं.

त्या पावसात वाडीत वाळलेल्या शेंगा फार नव्हत्याच. पुढच्या उन्हाळ्यात आजीने आपल्या झाडाच्या दोन फांद्यांना लाल चिंध्या बांधल्या. त्यांच्या शेंगा कुणी काढायच्या नाहीत. तिचं बघून आणखी दहा घरांनी बांधल्या. जूनअखेर 11 घरांत बी कुटायला सुरुवात झाली. ऑगस्टपर्यंत 6 राहिली. ज्यांनी सोडलं त्यांना मी जाऊन विचारलं. पाणी निवळत नाही अशी कुणाचीच तक्रार नव्हती. सकाळी डबे, गुरं, शेताची घाई, त्यात दहा बिया सोलायच्या, कुटायच्या, दहा मिनिटं ढवळत उभं राहायचं. हे काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, आणि तिच्या हाताला आधीच उसंत नसते. त्या घरांनी परत तुरटीचा खडा काढला. त्यांना मी तेच चालू ठेवा म्हटलं. दोन फिरक्यांत काम होतं आणि तेही चांगलं होतं.

आता ग्रामपंचायतीकडे झऱ्याच्या तोंडाशी खडी-वाळूच्या गाळणीचा प्रस्ताव दिला आहे: तीन कप्पे, आधी मोठी खडी, मग बारीक, मग वाळू. माती टाकीत उतरायच्या आधीच तिथे अडेल. झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडी गेल्या काही वर्षांत तुटली आहे, त्याबद्दलही लिहिलं आहे. गाळणी बांधून होईपर्यंत 6 घरांत बी कुटलं जाईल, बाकीच्यांकडे तुरटी फिरेल, आणि चुलीवर पाणी सगळ्यांच्याच घरी उकळेल.